डोंगराचा इशारा कोणापर्यंत पोहोचतो?

इतिहासाच्या शिक्षकाला तारखा पाठ असाव्या लागतात. त्यांपैकी काही तारखा पाठ्यपुस्तकात कधी येत नाहीत. त्या आम्ही वर्गात तोंडी सांगतो. 30 जुलै ही अशीच एक तारीख आहे. 30 जुलै 2014 रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे महादेव कोळ्यांचे गाव डोंगराखाली गाडले गेले आणि 151 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 च्या मध्यरात्रीनंतर, केरळच्या वायनाड जिल्ह्यातील मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्या दगडमातीच्या लोंढ्यात वाहून गेल्या; अडीचशेहून अधिक माणसे गेली. या दोन तारखांच्या मधल्या दहा वर्षांत आपल्या देशाचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्या यानांचा प्रत्येक श्वास लाखो-कोट्यवधी मैलांवरून ऐकू येत होता. माळीण नाहीसे झाल्याचे मात्र बाहेरच्या जगाला कळले ते सकाळच्या फेरीला निघालेल्या एसटीच्या चालकामुळे. त्याला रस्त्याच्या कडेला रोज दिसणारे गाव दिसेना.

अशा प्रत्येक घटनेनंतर वृत्तपत्रांचे मथळे ठरलेले असतात: 'काळाचा घाला', 'निसर्गाचा कोप'. या शब्दांना आमचा आक्षेप आहे. कोप म्हटला की कोपणारा कोणीतरी वर बसलेला असतो, आणि मग खाली बसलेल्यांची जबाबदारी संपते. तथागतांनी आपल्याला याच्या नेमके उलटे शिकविले आहे. कोणतीही गोष्ट कारणावाचून घडत नाही. कारणे जुळून येतात तेव्हा परिणाम घडतो, आणि कारण दूर केले तर परिणाम टळतो. प्रतीत्यसमुत्पादाचा हा विचार आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही धम्माच्या तासाला शिकवितो. तो भूगोलाच्या तासालाही तितकाच लागू आहे.

डोंगर एकाएकी कोसळत नाही. पश्चिम घाटाच्या उतारांवर खाली अभंग खडक असतो आणि त्यावर माती, मुरूम किंवा जांभ्याचा थर असतो. पावसाचे पाणी या थरात मुरते, खडकापाशी अडते आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत साचू लागते. पाणी वाढते तसा त्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांना धरून राहण्याची ताकद कमी होते. इकडे भिजलेल्या मातीचे वजनही वाढलेले असते. ज्या घटकेला हे वजन वरचढ ठरते, त्या घटकेला उतार सुटतो. तत्पूर्वी कधी काही तास, कधी काही दिवस तो खुणा देत असतो. जमिनीला भेग पडते, झाडे कलतात, दाराची चौकट आवळते, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते किंवा आटते. जाणती माणसे या खुणा ओळखीत असत. परंतु दरडी बहुधा मुसळधार पावसात, पुष्कळदा रात्री कोसळतात. त्या वेळी कंदील घेऊन डोंगर चढून भेग पाहायला कोण जाणार?

हे काम यंत्राकडून करून घेता येते, आणि आपल्याच देशात ते करून दाखविलेले आहे. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात मुन्नार येथे अँथोनियार कॉलनी नावाची वस्ती आहे. जुलै 2005 मध्ये तेथे दरड कोसळली होती. अमृता विश्व विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 पासून त्या उतारावर बिनतारी संवेदकांचे जाळे उभे केले. ही संस्था एका आध्यात्मिक मठाच्या छायेत वाढलेली आहे आणि त्या विचारसरणीशी आमचे मतभेद आहेत; परंतु चांगल्या कामाला चांगले म्हणण्याच्या आड मतभेद येऊ नयेत. या उतारात खोल विंधनछिद्रे घेऊन त्यांत निरनिराळे संवेदक बसविले आहेत. एक मातीतल्या पाण्याचा दाब मोजतो, एक ओलावा मोजतो, एक उताराचा कल केसभर बदलला तरी टिपतो, तर जिओफोन जमिनीतील कंप ऐकतो. वर पर्जन्यमापक असतो. प्रत्येक ठिकाणचा छोटा रेडिओ आपली मोजणी शेजारच्या रेडिओकडे देतो, तो पुढच्याकडे, आणि अशी हातोहात ती माहिती उतारावरच्या केंद्रात व तेथून उपग्रहामार्गे दूरच्या विद्यापीठात पोहोचते. तारा ओढायच्या नसल्यामुळे माती सरकली तरी सगळा संपर्क एकदम तुटत नाही. बॅटरी वाचावी म्हणून कोरड्या दिवसांत ही यंत्रे बहुतेक वेळ निजलेली असतात. पाऊस वाढला की ती भराभर मोजू लागतात. पहिल्याच पावसाळ्यात, जुलै 2009 मध्ये, पाण्याचा दाब वाढत चालल्याचे दिसले तेव्हा इशारा देण्यात आला आणि रहिवाशांना हलविण्याच्या सूचना निघाल्या. पुढे याच धर्तीची व्यवस्था सिक्कीममध्ये गंगटोकच्या चांदमारी भागात झाली. हिमाचल प्रदेशात मंडी येथील आयआयटीने अल्प खर्चाचे संवेदक तयार केले. ऑगस्ट 2017 मध्ये जेथे दरडीखाली प्रवासी बस सापडून चाळीसहून अधिक जीव गेले, त्या कोटरोपी येथेही ते बसविण्यात आले.

इथपर्यंतची कथा ऐकून कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला. आता त्याच मुन्नारची दुसरी कथा सांगणे भाग आहे.

अँथोनियार कॉलनीपासून पंचवीस-तीस किलोमीटरांवर पेट्टिमुडी नावाची चहामळ्याच्या मजुरांची वस्ती होती. 6 ऑगस्ट 2020 च्या रात्री तेथील मजुरांच्या चाळींवर डोंगर आला. सत्तर माणसे गेली. त्यांतील चौघांचा देहही हाती लागला नाही. पावसाने वीज गेलेली, दूरध्वनी बंद पडलेले. त्यामुळे ही बातमी बाहेर पोहोचायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडावी लागली. वाटेतला तात्पुरता पूल वाहून गेल्याने मदतीलाही उशीर झाला. जगभरच्या परिषदांतून ज्या मुन्नारच्या संवेदकांची वाखाणणी झाली, त्यांच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर सत्तर माणसांना कोणी हाक मारली नाही. यात त्या संशोधकांचा दोष नाही. एका उतारातील संवेदक शेजारच्या उताराविषयी काही सांगू शकत नाही. पण कोणत्या उताराला कान द्यायचा आणि कोणत्या उताराला द्यायचा नाही, हे संवेदक ठरवीत नाही; ते माणसे ठरवितात.

पेट्टिमुडीचे मजूर कोण होते? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुन्नारच्या डोंगरांवर मळे उभे राहू लागले, तेव्हा तमिळ मुलखातून मुकादमांमार्फत मजूर आणले गेले. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींची माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांना राहायला मिळाल्या त्या 'लयम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकाला एक लागून बांधलेल्या खोल्या. पुढे केरळात जमीन सुधारणेचा कायदा झाला, कुळांना जमिनी मिळाल्या. पण चहामळे त्या कायद्याच्या कमाल मर्यादेतून वगळले गेले. म्हणून चार-चार पिढ्या त्याच डोंगरावर राबूनही मजुराच्या नावावर वीतभर जमीन नाही. काम सुटले की खोलीही सुटते. 2015 मध्ये याच मुन्नारच्या मजूर स्त्रियांनी 'पेंबिळै ओरुमै' या नावाने एकजूट करून, प्रस्थापित संघटनांच्या पुढाऱ्यांना बाजूला सारून, बोनस आणि मजुरीसाठी रस्ते अडविले होते. त्यांचा लढा मजुरीपुरता नव्हता. माणसासारखे राहता यावे यासाठीही होता. दरड जात विचारीत नाही असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. परंतु दरडीखाली कोणी राहायचे, हा निर्णय दरडीच्या कितीतरी आधी झालेला असतो.

आता आपल्याकडे वळू. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी ज्या महाडमध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या महाड तालुक्याने गेल्या वीस वर्षांत पाण्याचे दुसरे रूप पाहिले. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन या गावांवर दरडी आल्या. 22 जुलै 2021 रोजी तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेथील बहुतेक माणसे आपल्या समाजाची नव्हती. म्हणून ते दुःख परके ठरत नाही. तळे सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून जो लढा झाला, त्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्याने डोंगराचा इशाराही सर्वांसाठी मागितला पाहिजे.

आणि मग 19 जुलै 2023 ची रात्र. रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या इरशाळगडाच्या कुशीत इरशाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी होती. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावाला गेलेल्यांना पावसात डोंगर चढून जावे लागले, यंत्रे वर नेता आली नाहीत. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते, हे शासनानेच सांगितले. या घटनेतील एक गोष्ट आपल्या शाळेच्या प्रत्येक पालकाने मनात ठेवावी अशी आहे. वाडीतील काही मुले आश्रमशाळेत शिकत होती. त्या रात्री ती घरी नव्हती, म्हणून वाचली. त्यांतील कित्येकांना दुसऱ्या दिवशी आईबापांविना जगात उभे राहावे लागले. निवासी शाळेच्या छपराखाली निजलेली मुले वाचतात आणि त्यांचे घर जाते, हे वाचून आपल्या वसतिगृहातल्या खाटांकडे आम्ही त्या आठवड्यात वेगळ्याच नजरेने पाहिले. आषाढ-श्रावणात सुट्टीला घरी गेलेली डोंगराकडची मुले परत येईपर्यंत हजेरीपटावरची त्यांची नावे वाचताना आता आवाज थोडा थांबतो.

संवेदकांच्या बाजूने बोलताना दोन प्रकारचे आक्षेप ऐकावे लागतात. पहिला आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो. तो असा की, यंत्रे कसली बसविता, माणसांना सुरक्षित जमीन द्या. इशारा म्हणजे पुनर्वसन टाळण्याची सबब आहे. या आक्षेपात तथ्य आहे. 'यंत्र बसविले आहे, आता निर्धास्त राहा' असे सांगून कोणी एखाद्या वस्तीला मृत्यूच्या तोंडी तसेच बसवून ठेवील, तर ते यंत्र फसवणुकीचे साधन होईल. परंतु पुनर्वसनाला किती वर्षे लागतात हेही आपण पाहिले आहे. माळीणचे नवे गाव 2017 च्या एप्रिलमध्ये लोकांच्या ताब्यात आले आणि पहिल्याच पावसात तेथील रस्ते व बांधकामे खचली. म्हणजे स्थलांतराच्या आधीची वर्षे तर धोक्याची असतातच, स्थलांतराची नवी जागाही तपासून पाहावी लागते. या मधल्या वर्षांत पावसाळे थांबत नाहीत. तोपर्यंत माणसाला जिवंत ठेवणे हेच इशाऱ्याचे काम आहे.

दुसरा आक्षेप अधिकारी वर्गाकडून येतो: लोक ऐकत नाहीत, इशारा दिला तरी घर सोडीत नाहीत. हा आक्षेप आम्ही उलटा फिरवितो. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला एक रात्र बाहेर काढणे म्हणजे त्याचा उद्याचा रोज बुडविणे. घरात भाताच्या कणग्या आहेत, गोठ्यात गाय व्यालेली आहे, शेळ्या आहेत; त्या कोणाच्या हवाली करायच्या? इशारा झाला, माणसे भिजत खाली आली, समाजमंदिराच्या ओल्या फरशीवर बसली आणि सकाळी डोंगर जागच्या जागी, असे दोन वेळा घडले की तिसऱ्या वेळी कोणी उठणार नाही. यंत्र चुकत नाही असे नाही. कधी खोटा इशारा निघेल, कधी ढगाळ दिवसांत सौर पट्टी चार्ज होणार नाही, कधी वीज कडाडून संवेदक जळेल. म्हणून ज्या रात्री इशारा होईल त्या रात्रीचे जेवण, गुरांसाठी आडोसा आणि बुडालेल्या रोजाची भरपाई ही व्यवस्था संवेदकाइतकीच आवश्यक आहे. खोट्या इशाऱ्याची किंमत गरिबाने एकट्याने का सोसावी?

या संदर्भात बाबासाहेबांच्या चरित्रातील एक पर्व आपल्या समाजात पुरेसे वाचले जात नाही. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या विकासाची योजना आणि महानदीच्या पुराचा प्रश्न त्यांनी हाताळला. पाणी अति झाले म्हणजे ती आपत्तीच असे मानून ते कसेबसे समुद्राकडे ढकलू नये, ते अडवावे आणि माणसाच्या कामी लावावे, अशी त्यांची दृष्टी होती. 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस आहे. याच परंपरेतून 1958 मध्ये दिल्लीत यमुनेच्या जुन्या रेल्वे पुलापाशी पुराचा शास्त्रीय अंदाज देण्याचे काम सुरू झाले. आज देशातील अनेक नद्यांची पातळी तासातासाला मोजली जाते आणि पूररेषेतल्या लोकांना आधी कळते. नदीला जे मिळाले ते डोंगराला का मिळू नये? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातील दरडप्रवण प्रदेशाचे नकाशे तयार केले आहेत आणि जुलै 2024 मध्ये कोलकाता येथे राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू झाले आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु कोलकात्यातील अंदाज जिल्ह्याला कळणे आणि वाडीतल्या म्हातारीला रात्री दोन वाजता जाग येणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर बिनतारी लहरींनी कापले जात नाही.

वायनाडचाच दाखला पाहा. कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर ही संस्था स्थानिक लोकांच्या मदतीने जिल्हाभर पर्जन्यमापकांच्या नोंदी ठेवते. मुंडक्कईच्या परिसरात पाऊस धोक्याच्या पातळीला गेल्याची सूचना आपण आदल्या दिवशीच प्रशासनाला दिली होती, असे त्या संस्थेने नंतर सांगितले. काही कुटुंबे हललीही होती. बहुतेक गाव मात्र झोपेत होते. चूरलमलाजवळची वेल्लारमला येथील शाळा त्या लोंढ्यात उद्ध्वस्त झाली. माहिती उपलब्ध होती. ती कोणाच्या मालकीची आहे आणि तिच्यावर कृती करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे ठरलेले नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. डोंगराचा इशारा हा वस्तीचा हक्क मानला गेला पाहिजे. दरडप्रवण वाड्यांची यादी कचेरीतल्या कपाटात न राहता ग्रामसभेत वाचली जावी आणि ज्या वाडीला आपले नाव त्यात असावे असे वाटते, तिच्या अर्जावरून पाहणी व्हावी. ज्या उतारांखाली माणसे राहतात तेथे संवेदक बसवावेत आणि त्यांचा भोंगा तहसील कचेरीच्या आधी वाडीत वाजावा. किती पाऊस झाला, मातीतला दाब कुठवर गेला की घर सोडायचे, हा आकडा वाडीतल्या शाळेच्या फळ्यावर लिहिलेला असावा. शतकानुशतके आपल्या समाजाला ज्ञानापासून दूर ठेवले गेले. आता ज्या ज्ञानावर आपला जीव अवलंबून आहे, ते दुसऱ्याच्या संगणकात बंद राहणे आपण मान्य करू नये. आणि या सर्वांबरोबर, सुरक्षित जमिनीवरच्या घराची मागणी एक पाऊलही मागे जाता कामा नये.

या स्मरणिकेचे वाचक बहुतांशी आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. त्यांतील कोणी अभियंता आहे, कोणी महसूल खात्यात आहे, कोणी वीज मंडळात, कोणी दूरसंचारात, कोणी शिक्षक. वर्धापनदिनाला आपण एकत्र येतो, बुद्धवंदना घेतो, शाळेला पंखे, पुस्तके, पाण्याची टाकी भेट देतो. या वर्षी आमची एक विनंती आहे. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवू या आणि त्याची रोजची नोंद आठवी-नववीच्या मुलामुलींनी ठेवावी. ज्या मुलांची घरे डोंगराच्या अंगाला आहेत त्यांच्या वाड्यांतही एकेक पर्जन्यमापक द्यावा. सुट्टीत घरी गेलेला विद्यार्थी तेथे नोंद करील आणि आजूबाजूच्या उताराच्या खुणा वहीत लिहील. संवेदकाच्या तुलनेत हे साधन अगदी साधे आहे, हे आम्ही जाणतो. पण उद्या शासनाने किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संवेदक बसवायचे ठरविले, तर कोणत्या उतारावर बसवायचे हे सांगणारी वही आपल्यापाशी तयार असेल. आपल्यातील अभियंत्यांनी त्या वेळी पुढे यावे. शाळेचे सभागृह पावसाळ्यात आसपासच्या वस्त्यांसाठी आसरा म्हणून खुले असल्याचे संस्थेने जाहीर करावे, अशीही सूचना आम्ही व्यवस्थापनापुढे ठेवीत आहोत.

तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, त्यात अप्रमादावर भर होता. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे. डोंगरात पुरलेला संवेदक एवढेच करतो: सगळे निजलेले असताना तो गाफील राहत नाही. परंतु त्याची हाक ऐकून दाराची कडी वाजवायला, म्हातारीचा हात धरायला आणि शेळी सोडायला माणूसच लागतो. येत्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या दिवशी, आपल्या शाळेच्या नोंदवहीत पहिला आकडा लिहिला जावा. तो लिहिणारा हात डोंगराकडच्या एखाद्या वाडीतल्या मुलीचा असावा, एवढीच आमची इच्छा आहे.